घरकुलाला संडास दिला, धुराडं कधी देणार?

घरकुलाचा हप्ता पाहिजे असेल तर फोटो लागतो. आधी रिकाम्या जागेचा, मग जोत्याचा, मग स्लॅबचा, मग पूर्ण झालेल्या घराचा. अभियंता मोबाईल घेऊन येतो, अ‍ॅपमध्ये लोकेशन पकडतो, लाभार्थ्याला घरासमोर उभं करतो अन् फोटो काढून घेतो. संडास बांधला का, तेही पाहतात. भिंतीवर योजनेचं नाव रंगवलं का, तेही पाहतात. या घरात चूल पेटली तर धूर कुठून जाणार, हे मात्र कुणी पाहत नाही.

चूल कशाला पेटेल, उज्ज्वलाचा गॅस आहे ना, असं म्हणणारे बरेच आहेत. त्यांच्याकडे येतोच. पण आधी एक गोष्ट वाचून घ्या. प्रधानमंत्री आवास योजनेच्या (ग्रामीण) मार्गदर्शक सूचनांत घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं असावं असं लिहिलं आहे, आणि त्यातच आरोग्यदायी स्वयंपाकासाठी स्वतंत्र जागा धरली आहे. कागदावर चांगलंच लिहिलंय. जमिनीवर त्या 'स्वतंत्र जागे'चा अर्थ आहे एका कोपऱ्यात ओटा आणि वरून सिमेंटचा स्लॅब. धुराला वाट नाही. मग काय होतं, तर दोन-तीन महिन्यांत नवा रंग काळा पडतो. मग घरच्या बाया चूल उचलून बाहेर नेतात, चार बल्ल्या रोवून वर टिन टाकतात. पावसाळ्यात तिथं पाणी येतं, मग चूल परत आत.

आपली जुनी घरं गरीब होती, गळकी होती, त्यांचं गुणगान मला करायचं नाही. पण एक सांगतो. कवेलूच्या घरात धूर कवेलूंच्या फटींतून निघून जायचा. धाब्याच्या घराला सानं असायचं. माळवदाला पाडलेलं ते भोक उजेडासाठी होतं तसं धुरासाठीही होतं, पाऊस आला की त्यावर दगड नाहीतर टोपलं झाकायचे. कुडाच्या भिंतीतूनही धूर झिरपायचा. त्या घरांतही बायांचे डोळे चुरचुरायचेच, पण धूर थोडातरी निघायचा. आता आपण पक्कं घर दिलं. स्लॅब पक्का, भिंती पक्क्या, लोखंडी खिडकी थंडीत घट्ट बंद. कच्चं घर धूर सोडत होतं, पक्कं घर धूर कोंडतं. घर बदललं, चूल तीच राहिली. जे घर आपण सुधारणा म्हणून दिलं, त्यात धुराच्या बाबतीत बाई आधीपेक्षा वाईट जागी बसली आहे. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, बाकीचं त्याचं विवरण.

आता गॅसचं. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली. देशात दहा कोटींवर जोडण्या दिल्या गेल्या. ही लहान गोष्ट नाही, आणि ज्यांनी ती दिली त्यांना श्रेय द्यायला माझी हरकत नाही. पण जोडणी मिळणं वेगळं आणि चूल विझणं वेगळं. सिलिंडर आणायचा तर पूर्ण पैसे आधी मोजावे लागतात, सबसिडी मागून खात्यात येते. सोयाबीन निंदायला जाणाऱ्या बाईची तीन-चार दिवसांची मजुरी एका दमात काढायची म्हणजे काय, ते तिलाच विचारा. त्यापेक्षा शेतात पऱ्हाट्या आहेत, तुराट्या आहेत, गोठ्यात शेण आहे. फुकट आहे. म्हणजे फुकट दिसतं.

म्हणून तांड्यावर गॅस 'चहाचा' असतो. पाहुणे आले, सकाळी घाई आहे, लेकराला दूध गरम करायचं, तर गॅस. भाकरी चुलीवर. डाळ शिजायला वेळ लागतो म्हणून तीही चुलीवर. आणि सगळ्यात जास्त लाकूड कशाला जातं? आंघोळीच्या पाण्याला. सहा-सात माणसांच्या घराचं पाणी गॅसवर तापवा म्हणावं एखाद्या मंत्र्याला, सिलिंडर किती दिवस पुरतो ते कळेल. त्यात दिवाळीनंतर निम्मा तांडा ऊसतोडीला, वीटभट्टीला, पुण्या-मुंबईच्या बांधकामावर जातो. तिथल्या कोपीत सिलिंडर सोबत जात नाही. तिथं तीन दगडच.

तर चूल अजून दहा-पंधरा वर्षं तरी जात नाही. हे मान्य करायला आपल्या यंत्रणेला लाज वाटते, कारण कागदावर गाव 'धूरमुक्त' झालेलं असतं. धूरमुक्त गावात धुराडं कसं मंजूर करणार?

पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेला लाखो लोक येतात. शेतात, रस्त्याच्या कडेला, ट्रॅक्टरच्या सावलीत तीन दगड मांडून स्वयंपाक होतो. उघड्यावर असतो म्हणून धूर आभाळात जातो, कुणाचं फार बिघडत नाही. तीच आग घरी दहा बाय दहाच्या खोलीत पेटते तेव्हा प्रश्न सुरू होतो. ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधान इथं येऊन बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन करून गेले. इमारती झाल्या, रस्ते झाले, चांगलं झालं. समाजाचा वारसा जपायलाच पाहिजे. पण तांड्यावरच्या याडीच्या छातीतला खोकला हा काही वारसा नव्हे, तो पुढच्या पिढीला द्यायची गरज नाही.

हा खोकला साधा नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानुसार घरातल्या धुरामुळे २०२० साली जगात ३२ लाख माणसं मेली, त्यात पाच वर्षांखालची लेकरं २ लाख ३७ हजारांवर. दमा, फुप्फुसं निकामी होणं, हृदयविकार, पक्षाघात, डोळ्यांचा मोतीबिंदू, पोटातल्या बाळाचं वजन कमी भरणं, हे सगळं या धुराशी जोडलेलं आहे. आपल्याकडे मात्र कुणी 'धुरानं मेलं' असं म्हणत नाही. म्हातारी खोकल्यानं गेली म्हणतात. लेकरू निमोनियानं गेलं म्हणतात. जन्मभर बिडी न ओढलेल्या बाईची छाती बिडी ओढणाऱ्यासारखी वाजते, तर डॉक्टर विचारतात, तंबाखू खाता का?

आणि धूर निदान दिसतो तरी. शेगडीचं तसं नाही. आपल्याकडे बाळंतिणीच्या खाटेखाली शेक-शेगडी ठेवायची रीत आहे. हिवाळ्यात खोलीची दारं-खिडक्या बंद, फटीत चिंध्या कोंबलेल्या, कारण 'वारं लागू नये'. निखारे धूर करत नाहीत म्हणून सगळ्यांना वाटतं, आता धोका नाही. उलट आहे. निखारे हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साईड सोडतात. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त ओढीनं चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते. लोकांना वाटतं बाळंतीण थकली. जुन्या घराच्या फटींनी आपल्या आज्या-पणज्यांना वाचवलं. स्लॅबच्या खोलीत तीच रीत जीव घेऊ शकते. शेक द्यायचा असेल तर द्या, पण एक खिडकी वीतभर उघडी पाहिजे, आणि झोपायच्या आधी शेगडी खोलीबाहेर गेली पाहिजे. यात सासूबाईंचा मान राखून सुद्धा तडजोड नाही.

आता कुणी म्हणेल, निर्धूर चुलीचा प्रयोग होऊन गेला की, काय झालं त्याचं? बरोबर आहे. झालं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुन्हा तेच होईल.

याची सुरुवात आपल्या विदर्भातच झाली आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा राहिला, जे. सी. कुमारप्पांनी तो चालवला. तिथं धुराडं असलेली मातीची चूल तयार झाली, ती 'मगन चूल' म्हणून ओळखली जाते. म्हणजे हा काही परदेशातून आलेला विचार नाही. पुढे केंद्र सरकारनं १९८३-८४ पासून सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम राबवला. तीन कोटींवर चुली वाटल्या गेल्या. पुण्याच्या आरती या संस्थेनं, डॉ. आनंद कर्वे आणि डॉ. प्रियदर्शिनी कर्वे यांनी, महाराष्ट्रात या विषयावर मोठं काम केलं. २००२ साली केंद्रानं कार्यक्रम बंद केला. पन्नाशीच्या पुढच्या मंडळींना त्या निर्धूर चुली आठवत असतील. मोडक्या सिमेंटच्या नळ्या नंतर कोंबड्यांच्या खुराड्याला कामी आल्या.

का मोडल्या? नळीत काजळी भरली, साफ कुणी केली नाही, कशी करायची ते सांगितलंच नव्हतं. चुलीचं तोंड लहान, आपली लाकडं मोठी, म्हणून बायांनी तोंड फोडून मोठं केलं. साध्या चुलीला तीन उंचवटे असतात, भांडं त्यावर टेकतं अन् जाळ भोवतीनं वर येतो. धुराड्याच्या चुलीत भांडं भोकावर घट्ट बसावं लागतं, नाहीतर धूर नळीत न जाता भांड्याच्या कडेनं घरात येतो. घरोघरच्या भांड्यांची मापं वेगळी, चुलीचं माप मात्र सरकारी. ओडिशात एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी अडीच हजारांवर कुटुंबांचा चार वर्षं अभ्यास केला. तिथंही हेच दिसलं. पहिल्या वर्षी धूर कमी झाला, नंतर चुली मोडल्या, दुरुस्त झाल्या नाहीत, वापर थांबला, तब्येतीत फरक पडला नाही. त्याच्या उलट ग्वाटेमालात झालेल्या प्रयोगात माणसं दर आठवड्याला घरी जात होती, बिघडलेली चूल दुरुस्त करून देत होती. तिथं लेकरांच्या श्वासात जाणारा कार्बन मोनॉक्साईड निम्म्यावर आला. तेव्हा दोष धुराड्याचा नव्हता. चूल बसवून फोटो काढला की काम झालं, या समजुतीचा होता.

आता बसवायचं कसं. हा भाग सेव्ह करून ठेवा, गवंड्याला दाखवा.

धूर वर का जातो? गरम हवा हलकी होते म्हणून. नळी जितकी उंच, सरळ आणि गरम, तितकी ओढ जास्त. आपल्याकडचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब आठवा. मधोमध नळी, खाली जाळ. पेटल्यावर पाच मिनिटांत धूर सरळ वरून जातो, खाली येत नाही. बंबाला नळी पाहिजे हे आपल्या आज्याला कळलं होतं. चुलीपाशी बाई बसते, तिथं मात्र नळी लागत नाही, असं कुणी ठरवलं देव जाणे.

स्लॅब टाकायच्या आधीच चुलीची जागा ठरवा. बाहेरच्या भिंतीला लागून, दाराच्या सरळ रेषेत नाही, खिडकीखाली नाही. सेंट्रिंग झाल्यावर, सिमेंट ओतायच्या आधी, त्या जागेवर सहा इंची लोखंडी नळीचा तुकडा उभा ठेवायला सांगा, वर स्लॅबच्या चार बोटं बाहेर येईल असा. एवढंच. खर्च जवळपास नाही. नंतर भोक पाडायचं म्हटलं तर सळया कापल्या जातात, स्लॅब गळतो, मग गवंडी म्हणतो, धुराडं बसवलं म्हणून घर गळालं.

धुराची नळी चार इंचाच्या आसपास असावी. पीव्हीसीचा पाईप लावू नका. कितीक ठिकाणी उरलेला पाण्याचा पाईप लावलेला पाहिला आहे. तो ऐंशी अंशालाच मऊ पडतो, जळाला तर विषारी वायू सोडतो. सिमेंटच्या जुन्या नळ्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ते कापताना उडणारी धूळ फुप्फुसाला घातक आहे. कुणाकडे पडून असली तरी करवत लावू नका. चुलीपासून पहिले दोन-तीन फूट विटा-मातीचं बांधकाम आणि वर पत्र्याची नळी, हे सोपं आणि टिकाऊ. कुंभाराकडून भाजलेल्या मातीच्या नळ्या मिळाल्या तर फारच छान.

नळी सरळ वर न्या. वळण द्यायचंच असेल तर तिरपं द्या, काटकोनात नको, आडवी तर अजिबात नको. आडव्या नळीत काजळी बसते. छत टिनाचं अन् खाली लाकडी बल्ल्या असतील, किंवा गवताचं असेल, तर पत्र्याची नळी लाकूड-गवतापासून दीड फूट दूर पाहिजे. ही अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या नियमातली मोजदाद आहे, पण आग काही देश पाहून लागत नाही. उंचीचा नियमही त्यांच्याकडचाच, लक्षात ठेवायला सोपा: छतातून निघाल्यावर किमान तीन फूट वर, आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल त्यापेक्षा दोन फूट वर. नाहीतर वारा धूर परत आत ढकलतो, किंवा तुमचा धूर शेजाऱ्याच्या खिडकीत जातो आणि त्याची तक्रार ग्रामपंचायतीत येते.

वर टोपी लावा, पण नळी आणि टोपी यांत चार इंच मोकळे सोडा. खाली, चुलीच्या मागं, राख-काजळी काढायला एक झाकणाची खिडकी ठेवा. दर महिन्याला दोरीला दगड आणि गोणपाटाचा बोळा बांधून वरून खाली फिरवा. हे काम घरातल्या पुरुषानं करावं, छतावर तोच चढतो. काजळी साचली की पेट घेते, आणि नळीतली आग छतापर्यंत जाते. ओलं लाकूड जाळलं की काजळी लवकर धरते. म्हणून पावसाळ्याचं सरपण उन्हाळ्यातच झाकून ठेवायचं. आणि चूल पेटवायला प्लास्टिकच्या पन्न्या, गुटख्याच्या पुड्या नका वापरू. (गुटखाबंदी राज्यात २०१२ पासून आहे. तरी चूल पेटवायला पुड्या कमी पडत नाहीत, हा वेगळ्या पोस्टचा विषय.)

धूर बाहेर जायचा तर हवा आत आली पाहिजे. दाराखाली फट, भिंतीत खाली एक जाळी, काहीतरी पाहिजे. खोली गच्च बंद असेल तर उत्तम धुराडंही ओढत नाही. तपासायचं कसं? चूल पेटल्यावर दहा मिनिटांनी चुलीच्या तोंडाशी उदबत्ती धरा. उदबत्तीचा धूर आत ओढला गेला तर धुराडं चालू आहे. तोंडावर आला तर कुठंतरी चुकलं आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मी अनेक घरकुलांत पाहतो: एकाच खोलीत गॅस आणि चूल, मध्ये हातभर अंतर. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीवर पसरतो, आणि आपली चूल जमिनीवर असते. ती पेटती असेल तर काय होईल, सांगायची गरज नाही. खोली एकच असेल तर मध्ये निदान भिंत घाला, किंवा सिलिंडर दुसऱ्या खोलीत न्या. वीजेची वायरही चुलीवरून नेऊ नका.

या सगळ्याला माझ्या अंदाजानं दोन-तीन हजार लागतात. एक लाख वीस हजारांच्या घरकुलात हे जास्त नाही. पण ते लाभार्थ्याच्या डोक्यावर टाकू नका. त्याच्याकडे आधीच वाळूला पैसे पुरत नाहीत. अंदाजपत्रकात 'धुराडं' अशी एक ओळ घाला आणि शेवटच्या फोटोत संडासासोबत तेही दिसू द्या. ज्यांची घरं आधीच झाली, त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून करता येईल. ग्रामसभेत ठराव लागतो, सही लागते, दिल्लीला जावं लागत नाही. पेव्हर ब्लॉकला निधी मिळतो तर धुराड्याला का मिळू नये? आणि बसवलेल्याची देखभाल गावातल्या एखाद्या गवंड्याला किंवा बचतगटाला वर्षाच्या करारानं द्या, नाहीतर पुन्हा कोंबड्यांची सोय.

'आता चुलीला पैसे देणं म्हणजे मागं जाणं' असं काही अधिकारी म्हणतात. मग राजेहो, गॅस इतका स्वस्त करा की आंघोळीचं पाणीही त्यावर तापेल. मी स्वतः धुराड्याच्या विरोधात पोस्ट लिहीन. हायवेवर 'चुलीवरचं मटण' अशा पाट्या लावून जे लोक चुलीचं कौतुक करतात, त्यांच्याशीही माझं जमत नाही. तिथं आत धुरात बसलेल्या बाईकडे गिऱ्हाईक पाहत नाही. मला चूल प्रिय नाही. ती आहे, म्हणून तिची व्यवस्था पाहिजे.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेला पोहरादेवी-मानोरा भागातल्या मंडळींनी, विशेषतः महिला सदस्यांनी, हा विषय लेखी द्यावा. तोंडी विषय इतिवृत्तात येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. ठरावाचा मसुदा कुणाला पाहिजे असेल तर मेसेज करा, मी लिहून देतो. आणि ज्यांच्या घरी धुराडं आहे आणि चालतं, त्यांनी फोटो टाका: नळी कशाची, किती उंच, कुणी बसवली, किती पैसे लागले. पत्र्याचं काम करणारे आणि गवंडी मंडळी, तुमचे भावही लिहा.